पालथ्या बाटलीतलं पाणी: हवेचा दाब, पाखरांचं पाणपात्र आणि ओसंडणारा माठ

सोलापुरात मार्च सरला की गच्चीवर, खिडकीत, अंगणातल्या लिंबाखाली पाखरांसाठी पाणी ठेवलेलं दिसू लागतं. पण इथलं ऊन असं की सकाळी भरलेली ताटली दुपारी कोरडी होते, आणि पाखरांना पाण्याची खरी गरज तेव्हाच असते. घरातली माणसं कामावर गेलेली असतील तर ती ताटली पुन्हा भरणार कोण? यावर एक जुना आणि फुकटात होणारा उपाय आहे. भरलेली बाटली ताटलीत पालथी उभी करायची. ताटलीतलं पाणी खाली गेलं की बाटली थोडं पाणी सोडते आणि आपोआप थांबते. तोटी नको, बॉल कॉक नको, वीजही नको.

हे काम हवेचा दाब करतो. तो कसा करतो हे न समजता बाटली पालथी घातली तर एक तर सगळं पाणी सांडतं किंवा काहीच खाली येत नाही, आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. म्हणून आधी स्वयंपाकघरात दोन-तीन प्रयोग करू, मग पाणपात्र बांधू. माठावर पालथा घातलेला वीस लिटरचा जार रात्रीतून का ओसंडतो, हेही त्यातूनच कळेल.

ग्लास आणि लग्नपत्रिका

काचेचा किंवा स्टीलचा ग्लास घ्या. काठ पोचलेला नको. तो काठोकाठ भरा, पाण्याचा फुगवटा काठाच्या वर दिसेपर्यंत. झाकायला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम. तो ताठ असतो, गुळगुळीत असतो आणि लगेच भिजत नाही. ग्लासच्या तोंडापेक्षा सगळ्या बाजूंनी बोटभर मोठा चौकोन कापा आणि एका कडेकडून सरकवत तोंडावर ठेवा, म्हणजे खाली बुडबुडा अडकत नाही. तळहाताने पुठ्ठा दाबून धरा, परातीवर ग्लास पालथा करा, क्षणभर थांबा आणि हात सरळ खाली काढून घ्या. हात बाजूला ओढला तर पुठ्ठा सरकतो आणि पाणी पायावर येतं.

पाणी आतच राहतं. आपल्याभोवतीची हवा दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाइतका रेटा देते. तो फक्त वरून खाली नसतो, खालून वर आणि आडवाही तेवढाच असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरपेक्षा थोडं उंचावर आहे, त्यामुळे इथला दाब मुंबईपेक्षा पाचेक टक्के कमी. हवेचा दाब मोजायच्या नळीत मुंबईत पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटर उभा राहत असेल तर इथे ७२ च्या आसपास राहतो. ग्लासचं तोंड ७ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे पुठ्ठ्यावर खालून ३७ किलोंच्या आसपास रेटा, आणि आतलं पाणी जेमतेम पाव किलो.

पुष्कळदा स्पष्टीकरण इथेच थांबवतात. ३७ किलोंपुढे पाव किलोचं काय चालणार, असं म्हणून मुलांना गप्प करतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण चौकस पोर लगेच विचारेल: ग्लास अर्धाच भरला तर?

अर्धा ग्लास

करूनच बघा. ग्लास निम्मा भरा, पुठ्ठा ठेवा, पालथा करा. बहुतेक वेळा पाणी याही वेळी राहतं, आणि मगाचा हिशोब कोसळतो. आत आता निम्मी हवा आहे आणि ती बाहेरच्याच दाबाची आहे. खालून ३७ किलो, तर वरून आतल्या हवेचेही ३७ किलो, आणि पाण्याचं वजन त्यात भर. पाणी पडायलाच हवं होतं.

पुठ्ठा डोळ्यांसमोर आणून नीट बघा. तो मधोमध किंचित खाली फुगलेला दिसेल. कधी पालथं करताना दोन-चार थेंब गळलेलेही असतील. तेवढी जागा आतल्या हवेला मिळाली, ती पसरली आणि तिचा दाब उतरला. किती उतरायला हवा? सहा सेंटिमीटर उंचीचं पाणी तोलायला फक्त ०.६ टक्के. त्यासाठी सहा सेंटिमीटर उंचीच्या हवेला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी पसरावं लागतं. पुठ्ठ्याच्या एवढ्याशा फुगण्यात ते भागून जातं.

पालथ्या भांड्यातलं पाणी टिकण्याची अट त्यामुळे अशी ठरते: आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी राहिला पाहिजे. आणि तो कमी राहायचा तर बाहेरची हवा आत जाता कामा नये. पुढचं सगळं या दुसऱ्या वाक्यावर उभं आहे.

त्याची खात्री करायला प्लास्टिकचा ग्लास घ्या आणि त्याच्या बुडाला तापवलेल्या सुईने एक भोक पाडा. भोकावर बोट दाबून ग्लास भरा, पुठ्ठा लावा, पालथा करा. आता बोट वर आहे. तोवर पाणी थांबलेलं. बोट उचललं की पुठ्ठ्यासकट सगळं खाली! पाण्याचं वजन तेच, खालचा रेटा तोच. बदललं एवढंच की सुईच्या भोकातून हवा आत गेली. लहान मुलांसमोर करायचा असेल तर मी हाच प्रयोग आधी करायला सांगेन. त्यात कारण बोटाखाली असतं.

पुठ्ठ्याचं काम

हवा एवढी जबर असेल तर पुठ्ठा हवाच कशाला? कारण उघडं रुंद तोंड खाली केलं की पाण्याचा पृष्ठभाग सपाट राहू शकत नाही. कुठेतरी इवलीशी लाट येते. जिथे ती वर जाते तिथून हवा घुसते, जिथे खाली येते तिथून पाणी निसटतं, आणि पापणी लवायच्या आत ग्लास रिकामा होतो. पुठ्ठा वजन पेलत नाही, तो ही अदलाबदल रोखतो. पुठ्ठा आणि काठ यांच्यामधल्या बारीक फटीत पाण्याचा पृष्ठताण असतो, त्यामुळे तिथूनही हवा शिरत नाही. तोंड पुरेसं अरुंद असेल तर पुठ्ठ्याचीही गरज उरत नाही. शीतपेयाच्या नळीचं वरचं टोक बोटाने बंद करून उचलली की खालचं टोक उघडं असूनही पाणी आतच राहतं.

कापडाने हेच आणखी छान दिसतं. हातमाग-यंत्रमागाच्या गावात सुती कापडाचा तुकडा कुणाच्याही घरी सापडेल. घट्ट विणीचं पातळ कापड घ्या, ओलं करा, ग्लासच्या तोंडावर ताणून रबराने बांधा. आता त्या कापडातूनच ग्लासात पाणी ओता. ते सहज आत जाईल. ग्लास भरला की तोंडावर तळहात ठेवून झटकन पालथा करा आणि हात काढा. ज्या कापडातून पाणी आत गेलं त्याच कापडातून ते बाहेर येत नाही. विणीचं प्रत्येक भोक म्हणजे एक बारीकसं तोंड, आणि त्यावर पृष्ठताणाचा पडदा. ग्लास अगदी सरळ धरा. तिरपा केला की वरच्या बाजूच्या भोकांतून हवा आणि खालच्या बाजूने पाणी, असा व्यवहार सुरू होतो. कापडाला खालून बोट लावून चोळलं तरी धार लागते, कारण पडदा फाटतो.

पाणी किती उंच टिकेल

ग्लास कितीही उंच घेतला तरी पाणी आतच राहील का? नाही. १६४३-४४ च्या सुमारास इटलीत टोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात पालथी करण्याचा प्रयोग सुचवला. पारा ७६ सेंटिमीटरपर्यंत उतरून थांबला आणि वर पोकळी राहिली. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने अशी नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर नेली, तेव्हा माथ्यावर पारा आणखी खाली आला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड आहे. त्या हिशोबाने समुद्रकाठी पाणी दहा मीटरच्या थोडं वर आणि सोलापुरात साधारण पावणेदहा मीटरपर्यंत टिकेल. कोमट पाण्याची वाफ वरच्या पोकळीत साठते, ती धरून प्रत्यक्षात सव्वानऊ-साडेनऊ मीटर.

हा आकडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळ्या वाटेने माहीत आहे. विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर सहा-सात मीटरच्या खालचं पाणी नीट ओढत नाही, मग ती कितीही एचपीची असो. मोटर फक्त पाइपातली हवा कमी करते. पाणी वर ढकलते ती विहिरीतल्या पाण्यावरची हवा, आणि तिची ताकद ठरलेली. म्हणून पाणी खाली गेलं की मोटर विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावी लागते किंवा पाणबुडी मोटर टाकावी लागते, जी पाणी ओढत नाही, खालून रेटते. सक्शन पाइपाच्या सांध्यातून हवा आली की मोटर नुसतीच फिरते. सुईचं भोक इथेही आलंच.

पाणपात्र बांधू

लागेल ते एवढंच: दोन लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, पंचवीस सेंटिमीटर रुंद मातीची ताटली (कुंडीखाली ठेवतात तसली चालेल), मूठभर खडे, बांधायला तार किंवा सुतळी, आणि जुन्या चादरीचा एक तुकडा. पाण्याच्या एक लिटरच्या पातळ बाटल्या घेऊ नका. आतला दाब उतरला की त्या बसतात आणि धक्का लागला की पिचकून पाणी सांडतात.

१. ताटली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरी माती पाणी पिते, आणि पहिल्या दिवशी बाटली भराभर रिकामी होताना बघून तुम्हाला वाटेल की काहीतरी चुकलं. मातीची ताटली पाझरते हे खरं, पण त्यामुळेच पाणी गार राहतं, आणि ती जड असल्याने कावळा काठावर बसला तरी कलंडत नाही. प्लास्टिकच्या ताटलीपेक्षा मी हीच निवडेन.

२. जागा सावलीची हवी आणि मांजर दबा धरून बसणार नाही अशी. खिडकीचं गज, जिन्याचा कठडा, झाडाचं खोड, काहीही चालेल, फक्त बाटली तिथे घट्ट उभी बांधता आली पाहिजे. ताटली सपाट बसली आहे ना, हे थोडं पाणी ओतून बघा.

३. सगळ्यात महत्त्वाचं माप इथे आहे. बाटलीचं तोंड ताटलीच्या बुडापासून जेवढं उंच, तेवढंच पाणी ताटलीत उभं राहणार. पाणी तोंडाला टेकलं की हवेची वाट बंद होते, म्हणून बाटली थांबते. पाखरांनी पिऊन किंवा उन्हाने आटून पातळी तोंडाच्या खाली गेली की एक बुडबुडा आत जातो, तेवढं पाणी बाहेर येतं आणि तोंड पुन्हा बुडतं. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या यांना दोन सेंटिमीटर खोली पुष्कळ आहे. तेव्हा तोंड दोन सेंटिमीटरवर येईल अशी बाटली बांधा. तोंड ताटलीच्या काठापेक्षा उंच राहिलं तर पाणी काठावरून वाहत राहील आणि बाटली रिकामी होईल. पहिल्या खेपेला बहुतेकांचं इथेच बिघडतं.

४. बाटली काठोकाठ भरून टोपण लावा. ताटलीत आधीच दोन सेंटिमीटर पाणी घाला. बाटली पालथी करून तोंड पाण्याजवळ आणा, टोपण सैल करून काढा आणि लगेच तोंड पाण्यात बुडवा. थोडं सांडेल, सांडू द्या. मग बाटली बांधून टाका. टोपण ठेवूनच बांधायचं असेल तर त्याला किमान आठ मिलिमीटरचं भोक हवं. दाभणाने पाडलेलं मिलिमीटरभर भोक पुरत नाही: तेवढ्याशा भोकात पृष्ठताणाचा पडदा इतका चिवट असतो की पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरल्याशिवाय बुडबुडा आत जात नाही, आणि तोवर ताटली कोरडी झालेली असते.

५. तोंडाभोवती खडे पसरा. काही खडे पाण्याच्या वर डोकावू द्या, म्हणजे पिल्लं आणि मधमाश्या बुडत नाहीत.

ताटलीतलं थोडं पाणी वाटीने काढा आणि बघत राहा. बुडबुडा वर जाताना दिसला, पातळी पूर्ववत झाली आणि पाणी थांबलं, तर काम झालं. पाणी थांबतच नसेल तर बाटलीला कुठेतरी चीर आहे. ती बाटली बदला.

ऊन आणि चादरीचा तुकडा

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये या यंत्राला एक खोड लागते. पहिले एक-दोन दिवस सगळं नीट चालतं, मग दुपारी ताटली ओसंडलेली दिसते. बाटली आता निम्मी रिकामी आहे आणि तिच्यात लिटरभर हवा आहे. पहाटे ती २५ अंशांवर होती, उन्हात ४५ पर्यंत तापली. नुसत्या तापण्याने हवा सातेक टक्के फुगते; शिवाय गरम पाण्याची वाफ तिच्यात मिसळते आणि एकूण फुगवटा चौदा-पंधरा टक्क्यांवर जातो. म्हणजे तहान नसताना दीडशे मिलीच्या जवळपास पाणी ताटलीत ढकललं जातं. रात्री हवा आकसते, काही पाणी परत वर चढतं, बाकीच्या जागी बुडबुडे जातात, आणि दुसऱ्या दिवशी आत हवा आणखी जास्त. अशी बाटली रोज श्वास घेते आणि दर श्वासाला पाणी वाया घालवते.

पंचवीस सेंटिमीटरच्या ताटलीत दीडशे मिली म्हणजे पातळीत फक्त तीन मिलिमीटर वाढ; काठ सेंटिमीटरभर वर असेल तर एक थेंबही सांडत नाही. पंधरा सेंटिमीटरच्या बशीत तेच पाणी आठ-नऊ मिलिमीटर चढतं आणि बाहेर जातं. म्हणून ताटली रुंद घ्यायची. दुसरा उपाय म्हणजे जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा बाटलीभोवती दुहेरी गुंडाळून शिवून टाकायचा. ऊन थेट लागत नाही, आणि सकाळी तो ओला केला तर काही वेळ बाटली गारही राहते. बाटलीत हिरवं शेवाळ धरतं तेही उजेड अडल्यामुळे थांबतं. बाटलीला पांढरा रंग देणारे लोक आहेत, पण रंग दिल्यावर आत पाणी किती उरलं हे दिसत नाही. कापड वर सरकवून बघता येतं.

ताटली दर दोन-तीन दिवसांनी ओतून काथ्याने घासाच. डासाची अंडी फुटून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, आणि डेंग्यूच्या डासांना असंच स्वच्छ, साठलेलं पाणी आवडतं. बाटलीत पाणी आहे म्हणून ताटलीकडे दुर्लक्ष करायचं नाही. नुसतं पाणी ओतलं तर अंडी ताटलीच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून घासायचं.

माठावरचा जार

दुकानात, कार्यालयात आणि आता पुष्कळ घरांतही मातीच्या माठावर वीस लिटरचा जार पालथा घातलेला असतो. तत्त्व ताटली-बाटलीचंच. माठातलं पाणी जारच्या तोंडाला टेकलं की जार थांबतो, तोटी उघडली की गुडगुड करत बुडबुडा वर जातो. तक्रारही ठरलेली: सकाळी येऊन बघावं तर माठाखाली तळं. बहुतेक जण म्हणतात, माठ गळतोय, आणि नवा माठ आणतात.

माठ बदलण्याआधी जार तपासा. पालथ्या जारमध्ये माठातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर सगळीकडे दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. म्हणून जारला चीर असली तरी तिच्यातून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. जार बाहेरून कोरडा ठणठणीत, आणि पाणी मात्र माठाच्या काठावरून वाहतंय! त्यामुळेच संशय जारवर जात नाही. चीर बुडाच्या कडेला असेल, आणि टेम्पोत आपटल्यामुळे ती बहुधा तिथेच पडते, तर पालथा केल्यावर ती कडा सर्वांत वर, हवेच्या भागात येते. मग बुडबुडेसुद्धा दिसत नाहीत.

आधी वेळ बघा. जारच्या हवेला सकाळचं ऊन खिडकीतून लागत असेल तर चीर नसतानाही माठाची पातळी वाढते. दहा लिटर हवा २५ अंशांवरून ३५ वर गेली तर वाफेसकट सहाशे मिलीच्या आसपास पाणी खाली येतं. असं ओसंडणं दुपारपर्यंत होतं आणि थांबतं. जार सावलीत सरकवला की संपलं. रात्री, गारव्यात, तोटी बंद असताना पाणी वाहत असेल तर मात्र ती चीर.

खात्री करायला नवा भरलेला जार माठावर चढवण्याआधी सरळ उभा ठेवा, खाली कोरडं वर्तमानपत्र. सरळ उभ्या जारमध्ये बुडाशी दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तीच चीर आता पाणी बाहेर सोडते. तासाभरात कागदावर ओला डाग उमटला तर ती जागा पेनने खूण करून जार परत द्या. पिण्याच्या पाण्याच्या जारची चीर एम-सीलने बुजवून वापरू नका.